पोवळ्यांचा वॉर्ड

समोरच्या माणसाचं नाव विचारायच्या आधी सिस्टर त्याची नखं बघायच्या. भाड्याची खोली हवी म्हणून मी रत्नागिरीच्या पेठकिल्ल्यातल्या त्यांच्या घरी गेलो, तर त्यांनी माझा हात धरून मला दाराच्या उजेडात ओढलं, अंगठ्याचं नख दाबून सोडलं आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते बघत राहिल्या. "रक्त कमी आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "खोली देते. पण सकाळी चार खजूर खायचे. खाताय की नाय ते मी बघणार."

सरकारी दवाखान्यात तीस वर्षं काढून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. माहेर दाभोळचं, वडील मच्छीमार बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख. नवरा लग्नानंतर पाचव्या वर्षी गेला, मूलबाळ नाही. त्यांना नाव होतं, पण ते फक्त पोस्टमनला माहीत असावं; सगळी आळी त्यांना सिस्टरच म्हणे. मी साताऱ्याकडचा, प्राणिशास्त्रात एम.एस्सी. होऊन त्र्याऐंशी साली रत्नागिरीच्या कॉलेजात लागलेला. वय चोवीस. त्याआधी समुद्र दोनदाच पाहिला होता, दोन्ही वेळा शाळेच्या सहलीत.

पहिला धक्का ओटीवरच बसला. भिंतीला लागून चार फुटी काचेची टाकी, तीत समुद्राचं पाणी, आणि पाण्यात दगडाचे अकरा तुकडे. जवळ जाऊन पाहिलं तर दगडांच्या अंगावर तपकिरी-हिरवी मखमल, आणि त्या मखमलीतून मोहरीएवढी शेकडो तोंडं उघडलेली. ती प्रवाळं होती. परीक्षेत प्रवाळावर मी चार पानांचं उत्तर लिहिलं होतं, पण पाहिलं होतं ते बरणीतलं पांढरं, वाळलेलं हाडूक. जिवंत प्रवाळ कसं दिसतं हे मला एका निवृत्त नर्सच्या ओटीवर कळत होतं.

"ही जिवंत आहेत?" मी विचारलं.

"मेलेली कोण पाळतं, मास्तर?"

पहिलं पोवळं त्यांना एका रोग्याने दिलं होतं. मिरकरवाड्यातल्या एका खलाशाचा सडत चाललेला पाय त्यांनी महिनाभर ड्रेसिंग करून वाचवला. तो बरा झाल्यावर जाळ्यात अडकून आलेला एक दगड शोभेची वस्तू म्हणून घेऊन आला. सिस्टरांनी तो खाऱ्या पाण्याच्या बादलीत ठेवला आणि दुसऱ्या सकाळी त्याची तोंडं उघडलेली पाहिली. "मला वाटलं, हा ॲडमिटच झाला," त्या सांगायच्या. पुढे बादलीची टाकी झाली, एकाची अकरा झाली. प्रत्येकाला खाट नंबर होता. टाकीच्या कडेला दवाखान्यातल्यासारखा तक्ता लटकत असे, आणि रोज सकाळ-संध्याकाळ त्यात पाण्याचं तापमान, खारटपणा, कोण किती उघडलं, कोण मिटून बसलं, सगळं लिहिलं जाई.

त्यांची साधनं पाहून मी बघतच राहिलो. खारटपणा त्या लघवी तपासायच्या काचेच्या तरंगत्या नळीने मोजत. टाकीतलं पाणी आटलं की विहिरीचं गोडं पाणी सलाइनच्या नळीतून सोडत, मिनिटाला दहा थेंब. टाकीवरची चार कौलं काढून तिथे काचेची कौलं बसवली होती, म्हणजे सकाळचं ऊन सरळ पाण्यात उतरे. मे महिन्यात टाकीभोवती ओलं गोणपाट. आणि आठवड्यातून तीनदा चुन्याची निवळी, चमच्याने मोजून.

"लहान मुलांना देतात ती निवळी?" मी हसून विचारलं होतं.

"पोरांची हाडं धरावीत म्हणून देतात ना? ह्यांचं तर सगळं अंगच हाडाचं."

परदेशातले प्रवाळ पाळणारे नेमकं हेच करतात, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचलं.

मध्यंतरी दर गुरुवारी पोवळी मिटू लागली. मी पाणी बदला म्हणालो, उजेड कमी करा म्हणालो, निवळी बंद करा म्हणालो. सिस्टरांनी माझं सगळं ऐकून घेतलं. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची," त्या म्हणाल्या. "तीन बदलल्या आणि रोगी उठून बसला, तर कशाने बसला ते कसं कळणार?" मग त्या लागोपाठ तीन गुरुवार स्टूल घेऊन टाकीसमोर बसल्या. तिसऱ्या गुरुवारी सापडलं. दत्ताच्या तसबिरीपुढे धूप जळायचा, आणि पाण्यात हवा सोडणारा छोटा पंप तो धूर ओढून थेट टाकीत सोडायचा. पंप मागच्या पडवीत गेला. पुढच्या गुरुवारी अकराच्या अकरा खाटा उघड्या होत्या. मी पुस्तकात डोकं घालून बसलो होतो, त्यांनी घराकडे पाहिलं होतं.

दुसऱ्या वर्षी, दिवाळीनंतर, त्यांचा दाभोळचा भाऊ आजारी पडला. सिस्टर आठ दिवसांसाठी निघाल्या आणि टाकी माझ्या हवाली केली. वहीच्या पानावर सूचना लिहिल्या होत्या. शेवटच्या सूचनेखाली दोन रेघा होत्या : मनाने काही घालू नये.

टाकीत पट्ट्यापट्ट्यांचे दोन छोटे मासेही होते. सहाव्या दिवशी त्यांच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसले. हा रोग मला ठाऊक होता, त्यावरचं औषधही. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मी मोरचूद आणला, पुस्तकातली मात्रा काढली, तराजूवर मिलिग्रॅमपर्यंत तोलली आणि पाण्यात विरघळवून टाकीत सोडली. सिस्टर परत आल्यावर किती खूश होतील, याचाच विचार डोक्यात होता. पुस्तक माशांच्या रोगांचं होतं. त्यात प्रवाळाबद्दल एक अक्षर नव्हतं, आणि ते नाही हे माझ्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या सकाळी एकही तोंड उघडलं नाही. त्याच्या पुढच्या सकाळी मी ओटीवर आलो. पोवळ्यांची मखमल चिंध्यांसारखी सुटून पाण्यात तरंगत होती. खाली उघडं पडलं होतं पांढरं हाड, अगदी बरणीतल्यासारखं. एक नंबरचं, त्या खलाशाने दिलेलं पोवळं, निम्म्याहून अधिक पांढरं झालं होतं. तेव्हा कुठे मी दुसरं पुस्तक उघडलं आणि त्यात वाचलं की माशाला सोसवतो तेवढा मोरचूद पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांना मारतो. हे मी वर्गात शिकवत असे.  मी चार बादल्या पाणी बदललं, पण काही फरक पडला नाही.

संध्याकाळी सिस्टर आल्या. पिशवी हातातच होती. टाकीसमोर त्या उभ्या राहिल्या. मी म्हणालो, "परवा वीज गेली होती. पंप बंद पडला."

वीज खरंच गेली होती, पाऊण तास. त्यांनी माशांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "असं," एवढंच म्हणाल्या, पदर खोचला आणि पाणी उपसायला घेतलं.

त्यानंतरचे बारा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात लाजिरवाणे दिवस. सिस्टर रोज एकेक गोष्ट तपासत आणि मला सोबत घेत. खारटपणा ठीक. तापमान ठीक. पंप पडवीतच. निवळी नेहमीचीच. बोटवाल्यांनी खोल समुद्रातून आणलेल्या पाण्याचा कॅन बदलून पाहिला. मी नळी धरत होतो, आकडे वाचत होतो, त्या लिहीत होत्या. कारण माझ्या खिशात असल्यासारखं माझ्यापाशी होतं आणि मी त्यांना ते सगळ्या घरभर शोधू देत होतो. रोज एखादी खाट पूर्ण पांढरी होई. त्या दगड बाहेर काढून पाटावर ठेवत आणि तक्त्यात त्या नंबरावर काट मारत.

तेराव्या दिवशी दुपारी त्या हाडं कापायची कात्री उकळून घेऊन बसल्या. पोवळ्याचा मेलेला भाग कापून जिवंत तुकडा वेगळा काढायचा होता. दगड निसटला आणि तळव्यात मोठी जखम झाली. रक्त पुसायलाही न थांबता त्यांनी पुढचा तुकडा उचलला. मला ते बघवेना.

"सिस्टर, मी मोरचूद घातला होता," मी म्हणालो. "माशांसाठी."

त्यांनी कात्री खाली ठेवली. "किती?"

मी मात्रा सांगितली. त्यांनी तक्ता ओढला. त्या दाभोळहून परतल्या त्या तारखेखालची एक ओळ कोरी होती. वरच्या आणि खालच्या ओळी भरलेल्या, तेवढीच एक मोकळी. तीत त्यांनी औषध, मात्रा, वेळ लिहिली.

"ही ओळ सोडून ठेवली होती मी," त्या म्हणाल्या. "मी आले त्या संध्याकाळीच कळलं. वीज गेली असती तर आधी मासे गेले असते. मासे तर मी ठेवून गेले त्याहून टवटवीत होते. काहीतरी औषध पडलंय एवढं दिसत होतं. कुठलं ते दिसत नव्हतं."

 मी विचारलं, "मग तुम्ही ह्या इतक्या तपासण्या केल्यात त्या?"

"पाणी मी त्याच संध्याकाळपासून बदलतेय. तपासण्या तुमच्यासाठी होत्या. म्हटलं, उद्या बोलतील."

 त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच सोसवत नव्हतं. हाताला फडकं गुंडाळत त्या पुढे म्हणाल्या, "मी नवी होते तेव्हा क्षयाच्या एका पोराला माझ्या हातून दोन दिवस दुप्पट औषध गेलं. कळल्यावर मी मात्रा गुपचूप बरोबर केली आणि गप्प बसले. पोराच्या कानात आवाज यायला लागला. डॉक्टर कारण शोधत बसले, औषध चालूच राहिलं. आठव्या दिवशी बोलले मी. पोर वाचलं. कान गेले. आता मंडणगडला कपडे शिवतो. वर्षातून एकदा मी जाऊन येते."

"त्याला माहीत आहे?"

"त्याच्या आईला सांगितलं होतं मी. तो ओठांवरून वाचतो. त्यालाही सांगितलं."

मोरचूद म्हटल्यावर त्यांचा उपाय पाच मिनिटांत ठरला. टाकीतल्या वाळूने आणि दगडांनी तो पिऊन घेतला असणार, म्हणजे पाणी कितीही बदललं तरी तो झिरपत राहणार. सगळं बाहेर काढलं. जिवंत राहिलेले सुपारीएवढे दोन तुकडे नव्या पाण्यात, दवाखान्यातल्या जुन्या एनॅमलच्या टोपात ठेवले. काम झाल्यावर त्या टोपाशेजारी बसल्या. "पहिल्या दिवशी बोलला असतात तर चार नंबर वाचला असता," त्या म्हणाल्या. "एक नंबर नाय. तो तसाही गेला असता." त्यांना मला टोचायचं नव्हतं. हिशेब होता तसा सांगितला, एवढंच. त्यानंतर त्यांनी हा विषय कधी काढला नाही, आणि सकाळचे खजूर बशीत येत राहिले.

शहाऐंशीत मला घराजवळच्या कॉलेजात नोकरी मिळाली आणि मी रत्नागिरी सोडली. तोवर टाकी पुन्हा लागली होती, पण तीत दोनच खाटा होत्या. तिसरं पोवळं त्यांनी कुणाकडून घेतलं नाही. माझ्या वर्गात तेव्हापासून एक गोष्ट बदलली. पहिल्या प्रात्यक्षिकाला मी विद्यार्थ्यांना आधी मी काय मारलं आणि किती दिवस गप्प बसलो ते सांगतो. काही हसतात, काहींचे चेहरे उतरतात.

तीन वर्षांनी त्यांच्या दाभोळच्या भाच्याचं कार्ड आलं. आत्या गेली, झोपेतच. टाकी सध्या मी बघतोय, पुढे तिचं काय करायचं ते तुम्हीच सांगा. मी निघालो. ओटीवर गेलो. सुपारीएवढे ते तुकडे वाटीएवढे झाले होते, आणि दोन्ही पूर्ण उघडे होते. भाचा बोटीवरचा माणूस, दोन दिवसांनी समुद्रावर जाणारा. माझ्या गावी समुद्र नाही. आम्ही दोघांनी ती पोवळी बादलीत घातली आणि ओहोटीला जवळच्या मिऱ्याच्या किनाऱ्यावरच्या खडकांवर गेलो. गुडघाभर पाण्यात एक कपार होती, वरून ऊन येणारी, लाटेचा थेट मार नसलेली. मी दोन्ही पोवळी तीत बसवली आणि कडेला दगड लावले.

"जगतील का?" भाच्याने विचारलं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. पाणी कमरेपर्यंत चढेतो आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो.