बारा तारांची किणकिण

ही गाणी घरात आणली माझ्या बायकोनं. ती माण गावातल्या एका आयटी कंपनीत काम करते. दिवसभर परदेशातल्या लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि सॉरी म्हणायचं. मी चाकणला प्रेस शॉपमध्ये होतो. पत्रा आत सरकवायचा, प्रेस धाडकन खाली येणार, गाडीच्या दाराचा एक तुकडा बाहेर पडणार. की पुढचा पत्रा. रहाटणीतल्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं एकाच वेळी जागे असे फार कमी असायचो. रविवार तेवढा आमचा, आणि रविवारी बोलायचंही त्राण उरायचं नाही. मग ती ओट्यावर छोटा स्पीकर ठेवून गाणी लावायची आणि आम्ही भाजी निवडत बसायचो.

एकदा मी विचारलं, "हे काय लावलंयस?"

"जँग्ली गिटार."

"एवढं गोड वाजतंय आणि जंगली?"

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. "जंगली नाही हो, जँग्ली. म्हणजे किणकिणणारी. त्या गिटारला बारा तारा असतात. असल्या गाण्यांना पॉवर पॉप म्हणतात."

शब्द मला कळायचे नाहीत. पण ती गिटार सुरू झाली की कोऱ्या पत्र्यावर ऊन पडल्यासारखं वाटायचं. ठेका नाचरा, दोघं-तिघं गळ्यात गळा घालून गात असल्यासारखे सूर, आणि कंटाळा यायच्या आत गाणं संपलेलं. मला वाटायचं, मजेत आहेत ही माणसं. एकदा तिनं अर्थ सांगितला तर त्यातला गाणारा म्हणत होता, की तू आता फोन उचलत नाहीस, मी तुझ्या गल्लीतून उगाच चकरा मारतो.

"मग एवढं उड्या मारत का गातोय?"

"रडत गायला असता तर तुम्ही ऐकलं असतं का?"

खरं होतं. आणखी एक गोष्ट तिनं सांगितली. हे वाजवणारे सगळे आत्ताचे, तिशीच्या आतबाहेरचे. पण वाजवतात त्यांच्या आजोबांच्या तरुणपणातलं. म्हटलं, मग जुनीच गाणी का लावत नाहीस? ती म्हणाली, "जुनी लावली की ते दिवस गेले असं वाटतं. ही ऐकताना वाटतं, अजून कुणीतरी ते चालू ठेवलंय."

मग मीही कंपनीच्या बसमध्ये इअरफोन लावून ऐकायला लागलो. जाताना सगळी बस झोपलेली असायची, येताना तर मेल्यासारखी. त्या वेळात ती किणकिण म्हणजे मोठा आधार होता. अंगातला शीण जायचा नाही, पण शिणलेला माणूस आपण एकटाच नाही असं वाटायचं.

मग कधीतरी गाणी मळकी वाजायला लागली. ड्रम तोच, गाणारा तोच, पण वरची चमक पुसल्यासारखी. मला वाटलं इअरफोन गेले. नवे आणले, तरी तेच. बायकोच्या कानात घालून विचारलं तर म्हणाली, "छान वाजतायत की."

कंपनीत दरवर्षी तपासणी होते. कानांसाठी एका काचेच्या बंद खोलीत बसवतात, हेडफोन लावतात. आवाज आला की बटण दाबायचं. सुरुवातीला मी दाबत गेलो. मग काहीच येईना. मी बटणावर बोट ठेवून वाट बघत बसलो. काचेपलीकडची मुलगी माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं, आवाज चालू आहे.

डॉक्टर वयस्कर होते. म्हणाले, "बोललेलं ऐकू येतं ना भाऊ? ते येईल. वरचे बारीक आवाज गेलेत. प्रेसवर उभं राहणाऱ्यांचं होतं असं."

"परत येतील?"

"नाही. राहिलेत ते सांभाळा. तिथून हलवा म्हणून मी लिहून देतो."

सुपरवायझर कागद बघून म्हणाला, "राव, आता प्रेसवर माणूस कुठून आणू?" त्याचाही दोष नव्हता, तोही प्रेसवरूनच वर आलेला, बोलताना एक कान पुढे करायचा. दोनदा मागे लागलो, मग डिस्पॅचला बदली मिळाली. तिथं पेट्या मोजायच्या, ट्रक भरून द्यायचा. पाय जास्त दुखतात, डोकं कमी.

बायकोला रविवारी सांगितलं. तिनं चालू गाणं बंद केलं.

"बंद कशाला केलंस? लाव."

"तुम्हाला यातलं काय काय ऐकू येतं?"

"ड्रम येतो. माणसाचा गळा येतो. मधे नुसती मोकळी जागा."

तिनं गाणं पुन्हा लावलं आणि गिटारचा तुकडा आला तसा तो स्वतःच्या गळ्यानं, अगदी खालच्या सुरात गुणगुणला. तिला गाता येत नाही. पण एवढी कामानं पिचलेली बाई भाजीची विळी बाजूला ठेवून माझ्यासाठी गिटार झाली होती. मी मान खाली घालून घेवड्याच्या शिरा काढत राहिलो.

गेल्या महिन्यात तिच्या ऑफिसमधल्या मुलांचा कार्यक्रम होता, पिंपळे सौदागरच्या एका कॅफेत. हौसेनं वाजवणारी चार पोरं, त्यांनी स्वतः बांधलेली गाणी. आम्ही पुढच्या टेबलावर बसलो. गिटारवाल्या मुलीचा हात तारांवरून भराभर फिरताना दिसत होता, माझ्यापर्यंत अर्धंच पोचत होतं. दुसऱ्या की तिसऱ्या गाण्याला मला डुलकी लागली. आदल्या दिवशी डबल ड्यूटी झाली होती.

टाळ्यांनी जाग आली. लाज वाटून बायकोकडे बघितलं, तर तीही खुर्चीत मान टाकून झोपलेली. गिटारवाली मुलगी आमच्याकडे बघून हसली आणि पुढचं गाणं जरा हळू सुरू केलं.