अंगावरचा पैसा

आमच्या तांड्यावर गोमतीबाईला सगळे भित्री म्हणतात. सगळ्यांत जास्त मीच म्हणत होते, हे आधी कबूल करून टाकते.

हा तांडा वाशिम जिल्ह्यात, मेडशीपासून चार किलोमीटर आत. तांड्यावरच्या शाळेत मी, म्हणजे वैजयंती मॅडम, एकोणीस वर्षं शिकवतेय आणि गोमतीबाई नऊ वर्षांपासून पोरांची खिचडी शिजवतेय. बाई पन्नाशी ओलांडलेली, काटक, डाव्या अंगठ्याचं अर्धं पेर कोयत्यानं उडालेलं. लिहिता-वाचता येत नाही. पण दारातून पोरांवर एक नजर टाकून आज तांदूळ किती घ्यायचा ते सांगेल आणि पातेल्यात घासभरही उरणार नाही. मागे स्वयंपाकखोलीत साप निघाला तेव्हा आम्ही शिक्षिका बाकांवर चढलो होतो आणि हिनं तो चिमट्यात धरून नाल्यापलीकडे सोडून दिला. तसल्या गोष्टींना ती भीत नाही.

ती भिते आधी हातात पडणाऱ्या पैशाला. एका दिवाळीला मुख्याध्यापकांनी कौतुकानं तिला पुढच्या महिन्याचं मानधन आगाऊ दिलं. हिनं ते रिकाम्या तेलाच्या डब्यात टाकलं, वर झाकण लावलं आणि महिना भरेपर्यंत डब्याला हात लावला नाही. दिवाळी तशीच कोरडी गेली.

मी हसून विचारलं, "काहून वं गोमतीबाई, पैसा का चावते?"

"चावते, मॅडम. मंगून कळते," ती म्हणाली. "मी अंगावर पैसा घेत नाई."

अंगावर पैसा म्हणजे उचल. दसऱ्याच्या आधी मुकादम तांड्यावर येतो, ऊसतोडीला येणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला आगाऊ रक्कम देतो आणि दसरा झाला की त्यांना ट्रकमध्ये घालून नेतो. त्या जोडीला कोयता म्हणतात. माणसं दोन, नाव हत्याराचं. गोमतीबाई आणि तिचा नवरा दौलतसिंग सोळा वर्षं असा एक कोयता होते.

या वर्षी तिचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. तिची मुलगी रीता आणि जावई सेवालाल यांनी उचल घेऊ नये, दोन लहान लेकरांसह ट्रकमध्ये चढू नये. त्यासाठी तांड्यातल्या अकरा बायकांच्या बचत गटानं चार वर्षं पोटाला चिमटा काढून एक लाख तीस हजार जमवले होते. त्यातून मिरची कांडायचं यंत्र येणार होतं आणि ते रीता चालवणार होती. गोमतीबाई गटाची अध्यक्ष. कागदपत्रं बघणारी, बँकेत सोबत जाणारी, अक्कल शिकवणारी मी.

आता माझी अक्कल सांगते.

जूनमध्ये मला कुणीतरी व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये टाकलं. शेअर बाजारातून रोज नफा. दीडशे माणसं, रोज कुणीतरी गाडी घेतल्याचा फोटो टाकणार, बाकीचे हात जोडणार. ग्रुप सांभाळणारी पौर्णिमा मॅडम म्हणून कुणी होती. आवाज इतका गोड की बस्स. सकाळी "जेवण झालं का ताई?" रात्री "आराम करा ताई." दोन वर्षांपूर्वी हे गेल्यापासून मला असं कुणी विचारत नव्हतं. मी भीत भीत पाच हजार टाकले. आठ दिवसांत सहा हजार दोनशे माझ्या बँकेच्या खात्यात परत आले. खरे, नगद, एटीएममधून काढून मी मोजून पाहिले. मग मी ह्यांच्या विम्याचे तीन लाख दहा हजार टाकले. त्यांच्या ॲपमध्ये ते वाढत वाढत सात लाखांवर गेले. वर्गात पाढे म्हणून घेताना मी टेबलाखाली फोन धरून आकडा बघायचे.

सप्टेंबरमध्ये मी गटाचा विषय काढला. यंत्र दिवाळीनंतर घेऊ, तोवर पैसे तिथं ठेवू, एकाऐवजी दोन यंत्रं येतील. रविवारी सकाळी देवळाच्या ओट्यावर अकराही जणी जमल्या. मी फोन हातोहात फिरवला. रीताला डाव्या कानानं ऐकू येत नाही, म्हणून ती उजवा कान माझ्याकडे करून बसली होती आणि तिचे डोळे चमकत होते. सोमवारी दुपारी मालेगावला बँकेत जाऊन पैसे काढायचं ठरलंसुद्धा.

गोमतीबाई तेवढी सुपारी कातरत बसली होती. मग तिनं विचारलं, "मॅडम, तुमाले त्याईनं पैसे आधी देल्ले का?"

"देल्ले तर! म्हनून तर भरोसा बसला."

तिच्या हातातून सुपारीचं खांड खाली पडलं. तिनं ते उचललंही नाही.

"मंग ते उचल हाय," ती म्हणाली.

बायका फिदीफिदी हसल्या. मला राग आला. पस्तीस पोरांचे हट्ट ऐकून आलेली बाई मी, रविवारी पुन्हा हे कायले? मी जरा जोरातच म्हटलं, "हे शेअर मार्केट हाय, उसाचा फड नाई. काईही काय भेता?"

"माह्यं आयका," ती म्हणाली. "रीता दोन वर्साची व्हती. फडात ताप चढला. हे मुकादमाले म्हने, आमाले घरी जाऊ दे. तो म्हने, जा, उचल ठेव अन् जा. ह्याईनं भावाले निरोप धाडला, बैल इकाले लावला, पैसे आनले. मंग तो म्हने, गाडीभाडं राह्यलं. ते देल्लं. मंग म्हने, खोपटाचे बांबू, ताडपत्री. रोज नवं. अन् अखरीले ह्याईले चार दिवस इहिरीवरच्या मोटरीच्या खोलीत कोंडलं. मी लेकरू घेऊन दाराशी बसून. तो येता-जाता लय गोड बोले, बरं का. जेवली का बाई, इचारे."

रीताचा तो कान तेव्हाच गेला. हे तांड्याला ठाऊक होतं, पण गोड बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं. ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"येवढं करा, मॅडम," ती म्हणाली. "निंगून पाहा. सारे पैसे वापस मांगा. तुमचे असतीन तर देतीन. उचल असन तर सोडनार नाई, सुटाचेच पैसे मांगतीन."

तिचं तोंड बंद करायला म्हणून मी सगळ्यांसमोर ॲप उघडलं, सात लाख दहा हजारांचा पूर्ण आकडा टाकला आणि पैसे काढायचं बटण दाबलं. "पाहा आता," मी म्हटलं. पडद्यावर आलं, विनंती मिळाली, चोवीस तास थांबा.

सोमवारी साडेनऊला, प्रार्थना चालू असताना, उत्तर आलं. खातं थांबवलं आहे. अठरा टक्के कर, एक लाख सत्तावीस हजार आठशे, आज संध्याकाळपर्यंत भरा, नाहीतर सगळी रक्कम जप्त. मी ते तीनदा वाचलं. पोरं राष्ट्रगीत म्हणत होती आणि मला ताठ उभं राहता येईना. कर तर नफ्यातून कापून घेतात, वरून मागत नाहीत, एवढं मलाही कळत होतं. तरी मनात हेच, की कुठून आणू, कुणाकडून आणू, कसेही भरू आणि आपले सोडवून घेऊ.

मी स्वयंपाकखोलीत गेले आणि गोमतीबाईला सांगितलं. ती हसली नाही, मी सांगितलंच होतं असंही म्हणाली नाही. तिनं चुलीची लाकडं मागे ओढली, दार लोटून घेतलं आणि पाट पुढे सरकवला. तेवढ्यात पौर्णिमाचा फोन आला. मी आवाज मोठा करून फोन पाटावर ठेवला.

"ताई, घाबरू नका." तोच गोड आवाज. "आज एवढं भरलं की सगळं मोकळं होईल."

"माझ्याकडे नाहीत हो एवढे," मी म्हटलं.

"असं कसं? गटाचे आहेत ना, एक लाख तीस हजार? आज दुपारी काढणार होतात तुम्ही." मग ती कागद वाचल्यासारखी वाचू लागली, "गोमतीबाई, रीता..." एकेक नाव, अकराही.

गोमतीबाई भिंतीला टेकली. अनोळखी आवाजानं आपलं नाव घेतलेलं ऐकून तिचा चेहरा असा पांढरा पडला की मला वाटलं ही आता कोसळते. तिनं तोंडावर पदर दाबून धरला होता.

"नाही जमणार," मी कशीबशी बोलले.

आवाज बदलला. इतका झटकन बदलला की ती दुसरीच बाई वाटली. "हे बघा, तुमच्या शाळेचं नाव आमच्याकडे आहे, आधार कार्ड आहे. कर चुकवला म्हणून पोलीस शाळेत येतील. पोरांसमोरून नेतील. नोकरीची दोन वर्षं राहिलीत ना? पेन्शन हवीय ना?"

हे सगळं मीच तिला कधी ना कधी सांगितलं होतं. जेवण झालं का, याच्या उत्तरात. मी म्हणाले, "भरते मी. दुपारपर्यंत भरते." खरंच म्हणाले. बँकेत जायच्या आणि ते पैसे भरायच्या मी तयारीत होते.

गोमतीबाईनं पदराच्या टोकानं फोन उचलला, गरम भांडं उचलावं तसा, आणि माझ्यापुढे धरला. बंद कर, असं नुसत्या मानेनं सांगितलं. मी बंद केला. तो लगेच पुन्हा वाजू लागला.

"मोटरीच्या खोलीतबी आसंच वाटे," ती हळूच म्हणाली. "का देऊन टाकावं अन् सुटावं. देल्लं का अजून मांगे. मॅडम, तो पोलिसवाला आल्ता ना शाळेत, त्यानं फोन कराचा नंबर लिवाले लावला व्हता. कुठं हाय तो?"

तो नंबर चौथीच्या फळ्याच्या कोपऱ्यात होता. जुलैमध्ये पोलिसांचा कार्यक्रम झाला तेव्हा मीच खडूनं लिहिला होता, वळणदार अक्षरात, खाली दोन रेघा मारून. ऑनलाइन फसवणूक झाल्यास १९३०. पोरांकडून पाठही करून घेतला होता. दोन महिने मी त्याच फळ्याशेजारी उभी राहून टेबलाखालचा फोन बघत होते.

मी १९३० ला फोन लावला, बँकेला कळवलं. रजा टाकली आणि वाशिमला निघाले. खिचडी रीतावर सोपवून गोमतीबाई न विचारता माझ्यासोबत आली. सायबर पोलिसांच्या खोलीत तिथल्या साहेबांनी तक्रार लिहून घेतली. त्यांनी सांगितलं, लवकर आलात तर कधी कधी पैसे वाटेत अडवता येतात, तुम्ही तीन महिन्यांनी आलात, तरी बघू. आता आणखी काय सांगतील ते ऐकू नका, एक रुपयाही टाकू नका. मी मान हलवत होते. ह्यांचं शेवटचं देणं होतं ते, आणि मी ते माझ्या हातानं, अंगठा दाबून, कुणा परक्याला दिलं होतं. तिथं मी ढसाढसा रडले. गोमतीबाई शेजारी बसून राहिली.

गटाचे पैसे बँकेत जागच्या जागी होते. संध्याकाळच्या एसटीत बसल्यावर मी तिला तेच पुन्हा पुन्हा सांगत होते. यंत्र येईल. रीता जाणार नाही. ती हो म्हणत होती. माझ्या पर्समध्ये फोन थरथरत होता, थांबत होता, पुन्हा थरथरत होता. आवाज बंद केला तरी ते थरथरणं मांडीला लागत होतं.

मालेगाव मागं पडल्यावर तिनं विचारलं, "मॅडम, त्या बाईले आमचे नावं कोनं देल्ले?"

मी खिडकीबाहेर बघितलं. सोयाबीन पिवळं पडलेलं होतं.

हे मी साहेबांना सांगितलं नव्हतं. बायकांना तर नाहीच. ग्रुपचा नियम होता की नवा माणूस आणला की बक्षीस, आणि ते आगाऊ. शनिवारीच मी अकराही जणींची नावं भरली होती. रविवारी ओट्यावर फोन हातोहात फिरला तेव्हा त्या आकड्यात ते बक्षीसही होतं. मला ते दिसत होतं आणि मी त्यांना यंत्राचं सांगत होते.

"मी," मी म्हटलं.

एसटी खड्ड्यातून गेली तसा तिचा खांदा माझ्या खांद्यावर आपटला.

"किती धरले माह्ये?"

"दोन हजार."

तिनं पुढच्या बाकाचा दांडा धरला होता. अर्धा अंगठा त्यावर दाबलेला दिसत होता.

"मुकादमाले कोयत्यामागं पाचशे भेटत तवा," ती म्हणाली. "दोघाईचे मिळून. भाव वाढला म्हना माहा."

आणि ती हसली, अगदी नेहमीसारखी. मला हसता आलं नाही. पर्समध्ये फोन पुन्हा थरथरायला लागला, आणि या वेळी दचकून तिनंच माझा हात घट्ट धरला.