माठातला न्यूट

माझे सासरे आमच्या घरचं पाणी पीत नसत. आमचं लग्न जातीबाहेरचं. बायको सायखेड्याच्या शेतकरी मराठा घरातली, मी नाशिकरोडच्या बौद्ध वस्तीतला. नाना, म्हणजे सासरे, सुरुवातीला आलेच नाहीत. नात झाल्यावर येऊ लागले, पण दाराजवळच्या खुर्चीत बसायचे. बायकोने पाणी विचारलं की 'तहान नाय' म्हणायचे आणि थोड्या वेळाने पिशवीतून स्वतःची बाटली काढायचे. पुढे तिने विचारणंच सोडलं. कांदे, मेथी, कोथिंबीर भरभरून आणायचे. आमच्याकडचा मात्र घोटभर चहाही नाही. मला याचा राग यायचा आणि मी तो लपवतही नसे. ते आले की मी मुद्दाम त्यांच्यासमोर तांब्याभर पाणी घटाघटा प्यायचो.

आमची लेक प्राणिशास्त्र शिकते. गेल्या मे महिन्यात ती प्रशिक्षणासाठी पुण्याला गेली आणि तिचे दोन लाडके आमच्या गळ्यात मारून गेली. दोघंही सॅलॅमँडरच्या खानदानातले, बेडकांचे शेपटीवाले चुलतभाऊ म्हणा. एक ॲक्सोलॉटल. फिकट गुलाबी, वीतभर लांब, मानेच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले आणि चेहऱ्यावर कायम नवरदेवाचं हसू. हा जन्मभर पाण्यातच राहणार, बाहेर काढला की संपला. दुसरा न्यूट. बोटाएवढा, वरून काळा, पोट लालभडक. त्याला असले कल्ले नाहीत, तो बाहेरच्या हवेत श्वास घेतो आणि काचेवरूनसुद्धा सरसर चढतो. "पप्पा, याच्या कातडीत विष असतं. हात लावलात तर साबणाने धुवा, आणि दोघांना कधी एकत्र ठेवू नका," असं लेकीने बजावलं होतं. एका बाबतीत मात्र दोघांचं एकमत होतं, पाणी गार हवं. नाशिकच्या मेमध्ये!

त्या रविवारी सकाळीच लाइट गेली. दोघांच्या काचेच्या टाक्यांवरचे पंखे बंद पडले, पाणी कोमट व्हायला लागलं. मी आंघोळीला गेलेलो असताना बायकोने डोकं चालवलं. घरातलं सगळ्यात गार पाणी कुठलं, तर गॅलरीतल्या माठातलं. ओलं फडकं गुंडाळलेला आमचा प्यायचा माठ. तिने चाळणीने उचलून एक प्राणी त्यात सोडला, दुसरा स्टीलच्या कळशीत, आणि कोपऱ्यावरच्या रसवंतीतून बर्फ आणायला पळाली. मला सांगायचं राहूनच गेलं.

मी बाहेर येतो तर नाना दारात. घामाने डबडबलेले, खांद्यावर कांद्याची गोणी. आमचं नेहमीचं संभाषण झालं. "या." "हं." मग तंबाखू थुंकून येतो म्हणत ते गॅलरीत गेले. मी पेपर उघडला. त्यांना बराच वेळ लागला म्हणून बघायला गेलो आणि दारातच थिजलो. नाना पाठमोरे उभे होते. एका हातात माठाचं झाकण, आणि दुसऱ्या हाताने वगराळं उंच धरून घशात पाण्याची धार सोडलेली. कोपरावरून पाणी गळत होतं.

 इतक्या वर्षांनी! हाक मारली तर ठसका लागेल म्हणून मी श्वाससुद्धा रोखून धरला. तेवढ्यात मागून बायको किंचाळली.

"नाना! त्यात पोरीचं जनावर आहे!"

बर्फ फरशीवर आपटला, वगराळं पडलं. कोणतं जनावर म्हणून मी विचारतोय, तर तिची बोबडी वळलेली. मी माठात वाकून पाहिलं. आत काहीच नव्हतं.  ॲक्सोलॉटल असता तर तळाशी बसलेला दिसला असता, त्याला चढता येत नाही. चढतो तो दुसरा, विषाचा. म्हणजे तो एकतर पळाला होता, नाहीतर नानांच्या पोटात होता.

"मी गिळलं का काय?" नानांनी पोट दाबून धरलं.

इतक्यात माठाच्या ओल्या फडक्यात काळी शेपटी हलली. फडकं उचललं, तर लाल पोट. गिळला नव्हता, पण इतका वेळ त्याच पाण्यात मुरला होता. मी लेकीला फोन लावला.  ती म्हणाली, "बहुतेक काही होणार नाही. पण जीभ बधिर होतेय का विचारा."

"जीभ चुणचुणती," नाना म्हणाले.

रिक्षात त्यांचा हात मी घट्ट धरून ठेवला होता. आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. हा माणूस माझ्या घरचं पहिलं पाणी पिऊन मरणार. सायखेड्याला काय तोंड दाखवू? बाटवला आणि मारला म्हणतील.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना काही केल्या समजेना. पालीसारखं, पण पाल नाही. बेडकाच्या नात्यातलं, पण बेडूक नाही. महाराष्ट्रात हा प्राणीच नाही, तर त्याला मराठी नाव कुठून असणार! त्यांनी नाडी बघितली, जीभ बघितली आणि विचारलं, "आजोबा, तंबाखूत चुना किती घालता?" जीभ चुन्याने भाजली होती. तरी त्यांनी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. काही झालं नाही. सोडायच्या आधी त्यांनी सहज विचारलं, "पाण्याची चव वेगळी नाही लागली?"

"नाय. दर बारीला लागती तशीच."

"दर बारीला?" मी विचारलं.

"मंग? तंबाखू थुकायला जातो तवा पितो. तुमच्या माठाचं पानी लय गार."

 मला आधी हसू आलं, आणि पाठोपाठ असा संताप आला की कानशिलं तापली. इतकी वर्षं आम्ही तो अपमान गिळत होतो आणि हे आमच्याच गॅलरीत चोरून पीत होते!

"मग आमच्यासमोर का नाही प्यायलात?" बायको रडायलाच लागली. "मी पेला भरून दिला नसता का?"

नाना चादरीकडे बघत म्हणाले,

"आधी इचारायचीस तू. मंग इचारनं सोडलंस. एवढी वर्षं नाय नाय म्हनून आता आपनहून मागायचं, तं कोन्या तोंडानं?"