डावीकडच्या खिडकीतले मास्तर

कवायतमास्तरांची जरब काय सांगावी. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली, तरी रस्त्यानं मास्तर येताना दिसले की टक्कल पडलेली, चाळिशी उलटलेली माणसंसुद्धा पोट आत घेऊन चालायला लागायची. अशा माणसाचं एक गुपित होतं, आणि ते फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होतं.

मास्तरीणबाई लग्नाचे झगे शिवायच्या. दुसऱ्या मजल्यावरची रस्त्याकडची खोली हेच त्यांचं दुकान आणि हाच कारखाना. आता झगा बेतायचा तर तो कुणाच्या तरी अंगावर चढवून टाचण्या लावाव्या लागतात, आणि नवरी काही रोज येऊन उभी राहत नाही. बाईंनी एकदा लाकडी पुतळा आणून पाहिला. पण पुतळा श्वास घेत नाही, नवरी घेते. ऐन समारंभात एकीची पाठीची शिवण टर्रकन उसवली. तेव्हापासून दाराला कडी घालून मास्तर स्टुलावर उभे राहू लागले. अंगानं सडपातळ, तासभर न हलता उभं राहायची जन्माची सवय, आणि फुकट. शहरातल्या कितीतरी सुनांचे झगे आधी मास्तरांच्या अंगाला लागलेले. पण झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग ती मेट्रो आली. खांब उभे राहिले ते नेमके यांच्या इमारतीसमोर, आणि रूळ आले ते नेमके दुसऱ्या मजल्याच्या उंचीला. कित्येक महिने रिकाम्या गाड्या चाचणीसाठी ये-जा करत होत्या. सुरुवातीला मास्तर झग्यासकट स्टुलावरून उडी मारायचे, मग टाचण्या टोचायच्या, मग बाई चिडायच्या. पुढे पुढे सवय झाली. गाडी आली काय नि गेली काय. मेट्रो अमुक दिवशी लोकांसाठी सुरू होणार, हे दोघांनीही पेपरात वाचलं होतं. पण सुरू झाली म्हणजे आत माणसं असणार, एवढी साधी गोष्ट दोघांच्याही टाळक्यात शिरली नाही. आता काय म्हणावं?

त्या सकाळी अंगावर भाचीचा झगा होता. मास्तरांच्या बहिणीची ही मुलगी परगावी नोकरीला, लग्नाच्या आदल्या दिवशी येणार. पोर हाडापेरानं थेट मामावर गेलेली. तीच उंची, तेच अरुंद खांदे, आणि त्यातला उजवा जरासा उतरता. हा झगा दुसऱ्या कुणाच्या अंगावर बेतून चालणारच नव्हता. मास्तर स्टुलावर पांढऱ्याशुभ्र झग्यात ताठ उभे, बाई तोंडात टाचण्या धरून खाली घेराशी. गाडी आली. पुढच्या स्थानकात दुसरी गाडी उभी होती, म्हणून ही खिडकीसमोर येऊन थांबली.

काचेपलीकडे खच्चून माणसं. पहिल्या दिवशीचे प्रवासी, नवे कपडे घालून, मुलंबाळं घेऊन आलेले. सगळे आ वासून बघत होते. फोन काढायचंही कुणाला सुचलं नाही. मास्तरांना पळावंसं वाटलं, पण पळणार कसे? घेर बाईंनी मुठीत धरलेला. ते आपले सावधान स्थितीत उभे राहिले, आणि गाडी हलेपर्यंत तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी ते न्हाव्याकडे गेले, तर तिथेही मेट्रोच. कुणी म्हणे फरशी अशी लखलखीत की चप्पल काढावीशी वाटते. कुणी म्हणे आतली बाई पुढचं स्थानक इतक्या गोड आवाजात सांगते की उतरवत नाही. न्हावी मास्तरांच्याच हाताखालून गेलेला. "गार हवा, धक्का नाही, काही नाही," तो म्हणाला, "आणि डावीकडे बसलं ना मास्तर, तर एक गंमत..." इथे त्याची नजर आरशात गेली, आणि पुढची सगळी हजामत त्यानं मुकाट्यानं केली.

घरी येऊन मास्तरांनी जाहीर केलं, "यापुढे मी उभा राहणार नाही."

"अहो, पडदा लावते ना."

पडदा लावला तर अंधारात पांढरा धागा कुठला नि पिवळट कुठला ते कळेना. रात्री दिव्यात तीच गत. शेजारीण हौसेनं उभी राहायला आली, पण ती मास्तरांच्या दीडपट. बाईंनी एकदाच विचारलं, "आणि पोरीनं लग्नात काय घालायचं?" मास्तर म्हणाले, "मी आयुष्यभर लोकांना ताठ मान शिकवली. तीच आता खाली घालून हिंडू का?" बाईंनी टाचण्यांची डबी मिटून फळीवर ठेवली. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. लग्न तोंडावर आलेलं, आणि झगा खुर्चीच्या पाठीवर लोंबत पडलेला.

शेवटी मास्तरांनी ठरवलं, एकदा गाडीत बसून बघू तरी, नेमकं दिसतं किती. कदाचित काहीच धड दिसत नसेल. ऐन उकाड्यात टोपी, मफलर, काळा चष्मा असा थाट करून ते मागच्या स्थानकावर जाऊन गाडीत चढले. वेषांतर असं, की सगळा डबा त्यांच्याकडेच बघायला लागला.

"आजोबा, डावीकडे सरका," शेजारची बाई म्हणाली. "आता दिसेल बघा."

पुढचं स्थानक मोकळं व्हायची वाट बघत गाडी नेहमीच्या जागी थांबली. दिसत होतं. सगळं दिसत होतं, अगदी भिंतीवरची कात्रीसुद्धा.

"आज तो माणूस नाही वाटतं," कुणीतरी हळहळलं.

"आमचे कवायतीचे सर होते ते," मागून एक जाड आवाज आला.

"छे, सर कसे असतील? काहीतरीच."

"अरे, पायाची टाच बघितलीस का? टाचेला टाच चिकटलेली. तसं उभं दुसरं कोण राहतं? मी तर बायकोला म्हटलं, बघ, बायकोसाठी माणूस काय काय करतो. तेव्हापासून रोज ऐकतोय, तुम्ही कधी साधा दोरा तरी ओवून दिलात का म्हणून."

डबा हसला. मास्तर हसले नाहीत, कारण ते खिडकीकडे बघत होते.

खिडकीत बाईंनी झगा स्वतःच अंगात घातला होता. ठेंगणी, गोल बांध्याची ती बाई, झगा पायात घोळतोय, आणि ती आरशापुढे मान मुरगाळून पाठीवर टाचणी लावायला बघतेय. हात पोचेना. मग तिनं झगा उतरवून एका हातानं उंच धरला, आणि दुसरा हात सवयीनं वर नेला, मास्तरांचा उजवा खांदा असायचा तिथे. तिथे काहीच नव्हतं. हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला, आणि मग ती खुर्चीवर बसली.

इतकी वर्षं ती त्यांच्या पाठीमागे काम करायची. काम करताना ती कशी दिसते, हे मास्तरांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांना स्वतःची अशी लाज वाटली की झग्यातली लाज त्यापुढे काहीच नाही. पुढच्या स्थानकावर ते उतरले आणि या वयात चक्क पळत घरी आले.

आल्या आल्या टोपी, मफलर, शर्ट सगळं काढून ते स्टुलावर चढले. "आण इकडे तो झगा."

बाईंनी झगा चढवला, टाचण्या तोंडात धरल्या. लांबून गाडीचा आवाज आला तशा त्या पडदा ओढायला निघाल्या.

"राहू दे," मास्तर म्हणाले. "उजेड लागतो ना तुला."

गाडी आली आणि समोर थांबली. डबा गच्च भरलेला. मास्तरांनी सगळ्यांकडे एकदा नीट बघून घेतलं, आणि मग, संसार सुरू झाल्यापासून कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"कसा दिसतोय गं मी?"

काम चालू असताना बाई तोंडातल्या टाचण्या कधी काढत नसत. आज त्यांनी त्या एकेक करून काढल्या, तळहातावर ठेवल्या, दोन पावलं मागे सरकून नवऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"छान दिसताय," त्या म्हणाल्या. "आपल्या लग्नातसुद्धा इतके छान नव्हता दिसत."

आणि त्यांनी टाचण्या परत तोंडात धरल्या.