मिठाचा खड्डा

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या पश्चिम भागात, टेकड्यांच्या बेचक्यात आर्डेन टोलफ्सनची चाळीस एकर जमीन आहे. आसपासचे लोक तिला नुसतं ‘आर्डेनचं चाळीस’ म्हणतात. या गृहस्थाने एकतीस वर्षं चीजच्या कारखान्यात उभं राहून गुडघे घालवले आणि त्यातून घेतलं काय, तर हे नांगर न लागणारं रान. शेजारचा गाईवाला डेलमार तेव्हाच म्हणाला होता की इथे दगडाचं पीक मात्र जोरात येईल. आर्डेन हसला होता. त्याला पिकवायचं कुठे होतं? त्याला हरणं हवी होती.

आणि हरणांसाठी या माणसाने काय नाही केलं? उतारावर लसूणघास पेरला, सफरचंदाची झाडं लावली, ओकांना ऊन मिळावं म्हणून भोवतालची झाडी तोडली. बायको मार्लिस म्हणायची, स्वतःच्या परसातलं गवत वाढलंय गुडघाभर आणि हा निघाला हरणांचं पान वाढायला. पण सगळ्यात लाडका होता तो मिठाचा खड्डा. दर वसंतात ओढ्याकाठच्या एका बुंध्यावर तो मिठाची वीट ठेवायचा. पावसाने मीठ विरघळायचं, हरणं ती माती चाटायची, खुरांनी उकरायची. सव्वीस वर्षांत तिथे मांडीएवढा खोल खड्डा झाला होता. पाहुणा आला की चहाकॉफीच्या आधी त्याला खड्डा दाखवायचा, हा आर्डेनचा शिरस्ता.

चार वर्षांपूर्वी जिल्ह्यात हरणांना झुरणी लागली. हा रोग फार वाईट. जनावर खातंपितं, तरी झुरत जातं, लाळ गाळतं, आणि शेवटी भीती विसरून उभ्या उभ्या मरतं. त्याची लाळ मातीत पडली की ती मातीही नासते. म्हणून हरणांना काही खायला-चाटायला घालायला बंदी आली. डेलमारने घरी येऊन बजावलंसुद्धा. पण आर्डेनचं आपलं एकच पालुपद, की बंदी आहे ती आमिष दाखवून मारणाऱ्यांना. मिठावर आलेल्या जनावरावर मी जन्मात बंदूक रोखलेली नाही, मग मला कसली बंदी? आता काय बोलायचं याच्यापुढे! इतका सरळ माणूस, आणि या सरळपणाच्या तोऱ्यातच त्याने घात करून घेतला. वीट ठेवतच राहिला.

त्याच वर्षी मार्लिस गेली. मग घरात आर्डेन आणि रेडिओ. वर्षातून एकदाच ते घर घरासारखं व्हायचं. नोव्हेंबरात शिकारीचा हंगाम उघडला की मुलगी जनेल तिच्या लेकीला, ब्रिटाला, घेऊन चार दिवस यायची. जनेल बाराव्या वर्षापासून बापाशेजारी मचाणावर बसलेली. त्या चार दिवसांवर म्हातारा उरलेले तीनशे एकसष्ट काढायचा, असं म्हटलं तरी चालेल.

गेल्या ऑक्टोबरात, हंगाम तीन आठवड्यांवर असताना, भर दुपारी त्याला खड्ड्यात एक मादी उभी दिसली. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. कान लोंबलेले, तोंडाला लाळेची तार. तो दहा पावलांवर गेला तरी हलली नाही. त्याला कळायचं ते कळलं होतं. दोन दिवसांनी ती तिथेच मेली. वनखात्याला कळवायला हवं होतं. जनेलला तर हवंच होतं. त्याने फोन हातात घेतला आणि परत ठेवला. कळवलं तर ती पोरीला घेऊन यायची नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. मादीला त्याने गुपचूप पुरलं आणि तोंडाला कुलूप लावलं.

हंगामाच्या पहिल्याच सकाळी जनेलने मोठा नर पाडला. अंगाने भरलेला, कातडी तुकतुकीत, कोण म्हणेल आजारी? रीतीप्रमाणे मुंडकं वनखात्याच्या तपासणीच्या पेटीत टाकून आले. निकाल यायला दोन आठवडे लागतात आणि तोवर मांस खाऊ नका असं सांगतात. पण पहिल्या संध्याकाळी कण्याखालची मऊ पट्टी लोण्यात कांद्याबरोबर परतायची, हा टोलफ्सनांच्या घरचा सण. जनेलने तवा ठेवला. आर्डेन म्हणाला, आज राहू दे, राजम्याचं कालवण केलंय मी. जनेल हसली. म्हणाली, “बाबा, आज काय उपास धरलायस? इतकी वर्षं खातोय, आणि तुझ्या रानातलं म्हणजे घरचंच की.” सांगायचं ते तेव्हा सांगायचं. जीभ रेटली नाही त्याची. आठ वर्षांच्या ब्रिटाने दोनदा मागून घेतलं. तो समोर बसून बघत राहिला आणि मूग गिळून जेवला. मला त्याची कीव येते आणि संतापही येतो, दोन्ही एकदमच.

निकाल जनेलच्या फोनवर आला. नराला झुरणी होती. डॉक्टर म्हणाले, हा रोग माणसाला लागल्याचं आजवर दिसलेलं नाही, पण पुढचं छातीठोक कसं सांगणार? जनेलने बापाला फोन केला. आवाज चढला नव्हता तिचा. विचारलं, “तुला आधी काही दिसलं होतं का?”

खोटं बोलायची सवय नव्हती त्याला, गप्प राहायची लागली होती. म्हणाला, “ऑक्टोबरात एक मादी होती.”

त्यावर तिने फोन ठेवला. मग त्याने स्वतःच वनखात्याला कळवलं. आलेल्या बाई खड्ड्याकाठी बराच वेळ उभ्या राहिल्या. माती किती दिवस अशी राहील, असं त्याने विचारलं. त्या म्हणाल्या, वर्षानुवर्षं, तुमच्यानंतरही. आर्डेनने कुदळ घेतली आणि त्या मोडक्या गुडघ्यांवर आठवडाभर माती उपसली, सात पिंपं भरली. कचराडेपोने ती घेतली नाहीत. घेणार कोण? जिथे ओतावी तिथे हरणं चाटायला येणार. पिंपं अंगणात पडून राहिली, आणि उकरलेल्या ताज्या मातीवर हरणं पहिल्यापेक्षा जास्त येऊ लागली. तारेचं कुंपण घातलं तर ती वरून उड्या मारून आत. ज्यांना सव्वीस वर्षं बोलावलं, त्यांना तो दिवसभर दगड मारून हाकलत बसायचा. तीही शहाणी, वीस पावलं पळून थांबायची आणि वळून बघायची.

मार्चमध्ये जनेल एकटीच आली. आपली बंदूक आणि शिकारीचं केशरी जाकीट घेऊन जायला. तिने सामान गाडीत ठेवलं. ब्रिटा कशी आहे, एवढं त्याने विचारलं. ती म्हणाली, बरी आहे, शाळेत जाते, दर महिन्याला मी तिच्या हातापायांकडे बघत बसते, सुकलेत का म्हणून.

मग म्हातारा अंगणातच रडायला लागला. म्हणाला, “सांगितलं असतं तर तुम्ही आलाच नसतात गं. हरणं नाहीत म्हटल्यावर इथे काय आहे तुमच्यासाठी?”

“आलो असतो, बाबा,” जनेल म्हणाली. “बंदुका घरी ठेवून आलो असतो. तुझं ते राजम्याचं कालवण खाल्लं असतं, पत्ते कुटले असते. अरे, मी काय दरवर्षी हरणांसाठी येत होते?”

तिने गाडी चालू केली. यंदा नोव्हेंबरात येशील का, हे त्याने विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.