मामूंनी न भरलेला टवका

गाडीवरचा टवका तपासायला मामू कधी चष्मा लावत नसत, उलट डोळे मिटून घेत. आधी ती जागा साबणाच्या पाण्यानं धुवायची, जुन्या बनियनच्या फडक्यानं कोरडी करायची आणि मग रंग उडालेल्या ठिकाणावरून उजव्या हाताचं मधलं बोट अगदी हळू फिरवायचं. येरमाळ्याला सर्व्हिस रोडच्या कडेला, पंक्चरच्या दुकानाला लागून त्यांची पत्र्याची शेड होती. समोरून टिपर, एस.टी., ट्रॅक्टर यांची सतत धडधड. पण मामूंचं बोट फिरत असताना गाडीचा मालक आपोआप गप्प होई. मग डोळे उघडून मामू सांगत, "खडी हाय. टिपरच्या चाकातनं उडालीय. आठ दिस झाले." नाहीतर म्हणत, "ही हायवेची न्हाय, कुना लेकरानं मारलीय." सहसा चुकत नसत. मला पहिल्यांदा त्याची गंमत वाटली. पुढं पुढं त्या मिटलेल्या डोळ्यांकडं बघताना अंगावर काटा यायला लागला.

मी गुरांचा डॉक्टर. घर कळंबला आणि फिरती येरमाळ्याच्या आजूबाजूच्या गावांत, वस्त्यांवर. आमच्याकडची रुपेरी गाडी मूळची माझ्या मेहुण्याची. दिगंबर माझ्या बायकोचा, शैलाचा, धाकटा भाऊ. लातूरला राहायचा, पंपांच्या कंपनीत फिरतीची नोकरी. त्यानं नवी गाडी घेतली तेव्हा जुनी आपणहून आमच्या दारात आणून लावली. "ताई, दाजींना उन्हातान्हात मोटारसायकलवर हिंडावं लागतं, ही तुम्हीच वापरा," म्हणाला. शैला आठवडाभर शेजारीपाजारी भावाचं कौतुक सांगत होती.

गाडीच्या डाव्या बाजूला, पुढच्या दिव्याच्या वर, तुरीच्या दाण्याएवढा टवका उडालेला मला दिसला तो चारेक महिन्यांनी. त्यासाठी मी मामूंकडं गेलो आणि आमची ओळख झाली. मामूंचं काम बघत बसावं असं होतं. टवक्याच्या सुटलेल्या कडा सुईच्या टोकानं काढत, पॉलिश पेपरच्या चिमटीएवढ्या तुकड्यानं आतला गंज घासत, प्रायमरचा एक थेंब देत. तो वाळला की रंग. ब्रश नाहीच, काडेपेटीच्या काडीचं टोक चावून मऊ केलेलं असे, त्यानं रंगाचा ठिपका ठेवायचा. वाळला की त्यावर दुसरा, मग तिसरा. वर लॅकर. दुसऱ्या दिवशी पाण्याचा पॉलिश पेपर फिरवून सपाट करायचं आणि चकाकी आणायची. "घाई केली का ठिपका बसतो, पर दिसतो," ते म्हणायचे. "आपल्याला त्यो दिसायला नको."

टवका भरण्यापेक्षा तो उडू न देण्यावर त्यांचा जास्त जीव होता. गिऱ्हाईक कमी झालं तरी चालेल, पण प्रत्येकाला बजावून सांगायचे. "खडीचा टिपर म्होरं दिसला का पाय उचला. अंतर ठिवा. त्याला मागं टाकायच्या नादात सगळी खडी अंगावर घेता तुमी." चाकांमागं चिखलरबर लावून घ्या, बोनेटच्या कडेला पारदर्शक फिल्म लावा, उन्हाळ्याआधी मेण चढवा. आणि टवका उडालाच तर निदान टेपचा तुकडा चिकटवून या. "पत्रा उघडा ठिवू नका, डॉक्टरसाब. उघड्या पत्र्याला हवा आतनं खाती. वरनं कळत न्हाय."

माझ्या गाडीचा टवका त्यांनी भरला तो इतका बेमालूम, की मला जागा शोधावी लागली. आठ दिवसांनी सकाळी गाडी पुसताना फडकं अडकलं. तोच टवका, त्याच जागी. मामूंनी काही न बोलता पुन्हा भरला. पंधरा दिवसांनी ठिपका पुन्हा निघाला, या वेळी अख्खा, माशाच्या खवल्यासारखा गोल, बोनेटच्या फटीत पडलेला. दोन्ही वेळा आदल्या दिवशी मी येरमाळ्याच्या घाटातल्या वळणावरून आलो होतो. आता मी रोजच त्या वळणावरून येतो, त्यात नवल काही नाही, असं मी स्वतःला समजावलं. पण त्यानंतर ते वळण जवळ आलं की डाव्या बाजूला बघायचं मी टाळायला लागलो. दुपारी तिथल्या पवनचक्क्यांची सावली रस्त्यावरून फिरते. ती बोनेटवरून सरकून जायची, तेव्हा कुणीतरी हात फिरवून गेल्यासारखं वाटायचं.

त्याच दिवसांत घाटाच्या खालच्या वस्तीवर मेंढरांना लस टोचायला गेलो होतो. बिरू नावाच्या धनगराचा कळप. माझी गाडी मेंढरं कोंडायच्या वाड्याजवळ उभी. लस टोचून सोडलेलं एकेक मेंढरू पळत रानात जायच्या ऐवजी गाडीकडं जाऊ लागलं. बघता बघता सत्तरऐंशी मेंढरं गाडीच्या डाव्या अंगाला गोळा झाली. एकही ओरडत नव्हतं. माना खाली घालून सगळी नुसती उभी. बिरूनं हाळी दिली, काठी आपटली, कुत्रं सोडलं, तरी हलेनात. भर दुपारी, एवढ्या उन्हात, एवढा कळप आणि आवाज म्हणून नाही.

बिरू माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता. म्हणाला, "डॉक्टर, ही मेंढरं अशी एकदाच हुबी ऱ्हायली हुती. आमची मंडळी गेली तवा."

त्याची बायको कौसाबाई दीड वर्षापूर्वी घाटातल्या वळणावर गेली होती. सकाळी कळप घेऊन रस्त्याच्या कडेनं चालली असताना कुठल्यातरी गाडीनं उडवलं. बिरू पोचला तेव्हा मेंढरं तिच्याभोवती उभी होती. त्यांच्यातून वाट काढून तिच्यापर्यंत जायलाच त्याला वेळ लागला. "येडाईच्या जत्रंत हिरव्या बांगड्या भरल्या हुत्या तिनं. एका हातातल्या सगळ्या फुटल्या," तो म्हणाला. गाडी कुठली, कुणाची, कधीच कळलं नाही. पोलिसांत नोंद होती, तेवढीच.

तिसऱ्यांदा टवका उडाला तेव्हा मी गाडी मामूंच्या शेडपुढं नेऊन लावली. त्या दिवशी मामूंचं बोट त्या जागेवर नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबलं. डोळे उघडून त्यांनी माझ्याकडं बघितलं. "डॉक्टरसाब, हितं दगड लागलेला न्हाय. दगडाचा मार बाहिरनं आत जातो. हे आतनं बाहिर येतंय."

त्यांनी विचारलं, "खरवडू का?" मी मान हलवली. रंगाखाली पुट्टीचा जाड थर निघाला. चांगल्या कारागिरानं पोचा आलेला पत्रा भरून घेतलेला होता. पुट्टी सुटत गेली तशी दिव्याच्या वरची पत्र्याची घडी उघडी पडली. तिथं गंज धरला होता. मामूंनी सुई घातली, हलक्या हातानं फिरवली आणि आतलं काहीतरी तळहातावर घेतलं. नखाएवढा काचेचा तुकडा. बाकदार, हिरवा.

मला बिरूनं सांगितलेल्या बांगड्या आठवल्या. मी बाकड्यावर बसलो आणि मामूंना सगळं सांगितलं. गाडी कुणाची, बिरूची बायको, मेंढरं. मामूंनी तो तुकडा फडक्यात बांधून माझ्या हातात दिला. प्रायमरच्या डबीचं झाकण लावलं. म्हणाले, "ही जागा म्या भरनार न्हाय. कुनाला भरू बी देनार न्हाय. गाडी हितंच ऱ्हाऊ द्या."

घरी येऊन फडकं शैलासमोर टेबलावर सोडलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ऐकताना एकदाही तिनं मला थांबवलं नाही. मी फोन उचलला तर म्हणाली, "फोनवर नको. फोनवर माणूस काहीही सांगतो. त्याला इकडं बोलवा." आणि मग फडक्याची गाठ पुन्हा मारत, "त्यानं गाडी आपणहून दिली, तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं."

रविवारी दिगंबर आला. गाडी दाखवायची म्हणून आम्ही दोघं त्याला येरमाळ्याला घेऊन गेलो. वाटेत तो बडबडत होता. घाटाचं वळण आलं तसा गप्प झाला, खिडकीची काच वर केली. शेडपुढं गाडीची उघडी पडलेली जागा बघून म्हणाला, "दगड लागला होता, दाजी. पुट्टी भरून घेतली होती मी."

मामूंनी त्याला बसायला स्टूल दिलं. पाणी दिलं. तो पाणी पिईपर्यंत थांबले. मला वाटलं, आता विचारतील, तू उडवलंस का? मामूंनी तसं विचारलं नाही. त्याच्यासमोर उकिडवे बसून अगदी मऊ आवाजात म्हणाले, "साहेब, थांबला हुता का?"

दिगंबरनं शैलाकडं बघितलं, मग खाली. हातातला स्टीलचा पेला त्यानं खाली ठेवला. "थांबलो होतो," तो म्हणाला. "पुढं जाऊन थांबलो होतो. आरशात बघितलं. मेंढरं तिच्याभोवती गोळा होत होती. मधून तिचा हात दिसत होता. हलत होता, ताई. मी दार उघडलं होतं. मग सगळी मेंढरं एकदम माझ्याकडं वळून बघायला लागली. मला उतरता आलं नाही."

मामूंनी दिगंबरच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो शांत होईपर्यंत उचलला नाही. मग म्हणाले, "चला. म्या येतो संगं." त्याच दुपारी आम्ही चौघं पोलीस ठाण्यात गेलो. दिगंबरनं आपल्या तोंडानं सगळं सांगितलं. मामूंनी आणि मी जबाब दिले.

त्यानंतरचं सांगण्यासारखं थोडं आहे. दिगंबरची नोकरी गेली, खटला अजून चालू आहे. जामिनावर सुटल्यावर तो एकदा माझ्याबरोबर बिरूच्या वस्तीवर आला. बिरूनं त्याला प्यायला पाणी दिलं, पण बोलला नाही. आम्ही निघालो तेव्हा पाठीमागून म्हणाला, "आता निदान ठावं तरी झालं." सासरच्या माणसांनी आमच्याशी बोलणं टाकलं. शैलानं भावाशी बोलणं टाकलं नाही. दर तारखेला ती त्याच्याबरोबर कोर्टात जाते आणि बाहेर बाकावर बसून राहते.

मामूंचं मात्र गिऱ्हाईक तुटलं. "म्हातारा पोलिसांत साक्ष देतो," असं हायवेवर पसरलं. ज्यांच्या गाडीवर नुसते खडीचे टवके होते ती माणसंही येईनाशी झाली. मामूंनी कुणाला दोष दिला नाही. एक दिवस शेडला कुलूप दिसलं. पंक्चरवाला म्हणाला, लोहाऱ्याला लेकीकडं गेले.

मी दोन-तीनदा लोहाऱ्याला जाऊन आलो. शेवटी गेलो तेव्हा मामू ओसरीवर गोधडीवर बसले होते, खूप वाळले होते. बरेच दिवस मनात असलेलं मी विचारलं. "मामू, तुम्ही दिगंबरला 'उडवलं का' असं नाही विचारलं. 'थांबला होता का' असं विचारलं. ते का?"

लेक चहा ठेवून आत जाईपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, "जवानीत म्या ट्रकवर हुतो, डॉक्टरसाब. दुसरा डायवर. सकाळची येळ, धुकं हुतं. कायतरी लागलं. गाडी चालवनाऱ्यानं माझ्याकडं बघितलं. म्या 'थांब' म्हनलं असतं तर त्यो थांबला असता. म्या म्हनलं, चल."

चहावर साय धरली. त्यांनी पेला उचलला नाही.

"मालकानं पेंटर बोलावला न्हाय. डबा आन ब्रश माझ्याच हातात दिला. तवर म्या रंगाला कधी हात लावला न्हवता. पर असा भरला, असा भरला, का मालकाला सोताला जागा सापडंना. म्हनला, मियाँ, तुमच्या हातात हुनर हाय. तितनं ह्यो धंदा."

"कोण होतं ते, मामू?"

"म्हाईत न्हाय. बाई का बाप्या का जनावर. चाळीस साल झाले. आजून म्हाईत न्हाय."

दोन महिन्यांनी त्यांच्या लेकीचा फोन आला. मामू गेले होते. मी पोचलो तोवर दफन झालं होतं. ओसरीवरच्या गोधडीची घडी करून ठेवलेली होती. लेक मला पाणी देऊन भिंतीला टेकून बसली आणि शेवटच्या आठ दिवसांचं सांगू लागली. अब्बा कुणाला ओळखत नव्हते. पण रस्त्यावरून एखादी गाडी गेली की ताडकन उठून बसायचे, डोळे मोठे करायचे आणि म्हणायचे, "थांब. थांब."

"आमाला वाटायचं, आमालाच म्हनत्यात," ती म्हणाली. "मग घरातले सगळे जिथल्या तिथं थांबायचो."