शैलामावशीचं इलेक्शन

निवडणुकीत जो उभा राहतो त्याला टेन्शन असतं आणि जो मत देतो त्याला घाई असते. खरी मजा आमच्यासारख्या फुकट राबणाऱ्यांची! किस्से गोळा होतात ते आमच्याकडेच. आम्ही जुने मित्र आजही फोनवर भेटलो की कोणीतरी म्हणतंच, "शैलामावशीच्या इलेक्शनमधलं ते आठवतंय का?" आणि मग फोन काही लवकर खाली ठेवला जात नाही.

गोष्ट दोन हजार तीनची. अमेरिकेतल्या पार्सिपनीहून पश्चिमेला ड्राइव्ह करत गेलं की ऑफिसं संपतात आणि मक्याची शेतं, घोडे, लाल कोठारं सुरू होतात. तिथल्या एका छोट्याशा टाऊनशिपमध्ये शैलामावशी आणि अनिलकाका राहायचे. मावशी मूळची कोल्हापूरकडच्या आजऱ्याची, इथे फार्मसिस्ट. मी नागपूरची, पार्सिपनीत कोडिंग करणारी. नात्यातली नव्हे, पण विकेंडला वरण-भात हवा असेल तर आम्हा सगळ्यांची मावशी तीच!

*

सुरुवात झाली अप्पांपासून. अप्पा म्हणजे मावशीचे सासरे, सहा महिन्यांसाठी भारतातून आलेले. त्यांना रोज संध्याकाळी फिरायला लागायचं आणि रस्त्याला फूटपाथच नव्हता. एक दिवस कोणीतरी पोलिसांना फोन केला, की एक अनोळखी माणूस रस्त्याच्या कडेने नुसताच चालतोय!

पोलीस आला, अप्पांना अदबीने गाडीत बसवलं आणि घरी आणून सोडलं. अप्पा खूश. "सूनबाई, इकडचे पोलीस माणसाला दारापर्यंत पोचवतात हो! फार चांगली सोय आहे."

आम्ही पोट धरून हसलो. मावशी हसली नाही. तिचा चेहरा उतरला होता. पुढच्याच कौन्सिल मीटिंगला ती मला आणि काकांना घेऊन गेली आणि माइकवर उभी राहून तिने फूटपाथ मागितला.

अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, इथे कोणी चालत नाही."

"फूटपाथ नाही म्हणून चालत नाही!" मावशी म्हणाली. टाळ्या फक्त मी आणि काकांनी वाजवल्या.

परत येताना मावशी गाडीत एकदम म्हणाली, "कौन्सिलच्या दोन जागांचं इलेक्शन आहे. मी उभी राहतेय."

सिग्नल हिरवा होता. काकांनी ब्रेक दाबला!

*

प्रचाराची पहिली मीटिंग मावशीच्या बेसमेंटमध्ये झाली. बटाटेवड्यांच्या आशेने का होईना, खोली भरली. मावशीने उत्साहाने विचारलं, "तुमच्यातले इथले मतदार किती?"

सगळे छताकडे बघायला लागले. कोणी एच-वनवर, कोणी स्टुडंट व्हिसावर, कोणाची बायको एच-फोरवर.

अनिलकाका म्हणाले, "वरात जोरात आहे, पण पंगतीला बसायची परवानगी एकालाही नाही!"

*

मंदार आमचा पुण्याचा मित्र, पीएचडी करणारा. कोणाच्याही घरी गेला की दारात बूट काढणार म्हणजे काढणार. प्रचारातही तेच. एका शेतकरी आजीबाईंनी "आत ये" म्हटल्यावर याने सवयीने बूट काढले, आत जाऊन फूटपाथबद्दल छान भाषण दिलं, बाहेर आला तर एकच बूट! दुसरा त्यांच्या कुत्र्याने पळवलेला.

आजीबाई, कुत्रा आणि एका पायात नुसता मोजा असलेला मंदार अशी तिघांची मक्यात पळापळ झाली. बूट मिळाला, पण त्याचा पुढचा भाग कुत्र्याच्या पोटात गेलेला.

आजीबाई धापा टाकत म्हणाल्या, "तुझ्या बाईंचा बोर्ड माझ्या अंगणात लाव. फूटपाथ होवो न होवो, बुटासाठी मी तुझं देणं लागते!"

*

आपल्या लोकांची दारं वाजवणं मात्र महाकठीण. आमच्या ओळखीच्या एका काकांना अमेरिकन सिटिझन होऊन जमाना झाला होता, पण मतदार म्हणून नाव नोंदवलेलं नव्हतं. का? "नाव नोंदवलं की कोर्टात जाऊन बसायची ज्युरी ड्यूटी लागते म्हणे! आणि आम्ही तसेही पुण्याला परतच जाणार आहोत."

"कधी?" मावशीने विचारलं.

"बघू. मुलांचं कॉलेज झालं की."

आतून काकू ओरडल्या, "मुलांची लग्नं झाली अहो! फॉर्म आणा इकडे, दोन आणा!"

*

मग आला डिबेटचा दिवस. दोन जागांसाठी तीन उमेदवार, प्रत्येक मतदाराला दोन मतं. मावशी, एक प्रॉपर्टी एजंट आणि वॉल्टर. वॉल्टर म्हणजे उंच, मितभाषी शेतकरी, कौन्सिलवर आधीपासूनच होता. फायर स्टेशनचा हॉल गच्च. मावशीने कडक इस्त्रीची कॉटन साडी नेसली होती.

मागून एकाने विचारलं, "हरणं आमचं सगळं पीक खातात. तुम्ही औषधांच्या दुकानातल्या. तुम्हाला त्यातलं काय कळणार?"

मावशी म्हणाली, "माझ्या वडिलांच्या उसात गवे शिरायचे."

"म्हणजे काय?"

"रानटी बैल समजा. तुमच्या पिकअप ट्रकएवढा. कुंपण घातलं तर कुंपण घेऊन जातो!"

वॉल्टर पहिल्यांदाच तिच्याकडे वळला. "मग तुम्ही काय करायचात?"

"डबे बडवायचो, फटाके लावायचो आणि त्याला शेजाऱ्याच्या शेतात हाकलायचो."

"आम्हीही तेच करतो!" वॉल्टर म्हणाला आणि अख्खा हॉल हसत सुटला. डिबेट संपल्यावर फूटपाथबद्दल एकानेही विचारलं नाही. सगळे मावशीभोवती गोळा झाले होते, गव्याच्या शिंगांचं माप विचारत!

*

निकालाच्या दिवशी आम्ही मताचा हक्क नसलेले सगळे टाऊन हॉलच्या पार्किंगमध्ये, थंडीत, थर्मासमधला चहा पीत उभे. आत जायला मनाई नव्हती, पण धीर होत नव्हता. शेवटी दार उघडून अनिलकाका बाहेर आले. चष्मा काढून पुसत बसले.

"काका, काय झालं? हरलो का?"

"वॉल्टर पहिला आला," काका म्हणाले. "आणि आपली शैला दुसरी."

मंदारने आनंदाच्या भरात चहाचा थर्मास हवेत फेकला. झाकण उघडंच होतं!

*

फूटपाथ व्हायला पुढचं वर्ष उजाडलं. मावशीने ठराव मांडला तेव्हा आधी कोणीच अनुमोदन देईना. मग वॉल्टर खाकरून म्हणाला, "मी देतो," आणि ठराव पास झाला. लायब्ररीपासून शाळेपर्यंत पांढराशुभ्र फूटपाथ झाला. गोरे, देशी, बाबागाड्या, कुत्री, सगळे त्यावर दिसायला लागले.

त्यानंतरच्या एका मीटिंगला मीही प्रेक्षकांत बसले होते. जनतेच्या तक्रारींची वेळ झाली, आणि लेकीकडे इचलकरंजीहून आलेल्या एक आजी, नऊवारी आणि वर जाड जॅकेट अशा थाटात, तरातरा माइकपाशी गेल्या. इंग्रजीचा गंध नाही. त्यांनी सरळ मराठीत सुरुवात केली. हातवारे करत, बोट नाचवत, दिलेली वेळ संपेपर्यंत बोलल्या आणि जागेवर जाऊन बसल्या.

कौन्सिलवाले एकमेकांकडे बघायला लागले. अध्यक्षांनी मावशीला विचारलं, "या काय म्हणाल्या, सांगाल का?"

मावशीचा चेहरा लालबुंद झाला होता. हॉलमध्ये मराठी कळणाऱ्या आम्ही चारच जणी: आजी, त्यांची लेक, मावशी आणि मी. मला वाटलं, ही आता "आजी थँक यू म्हणतायत" म्हणून मोकळी होणार.

मावशीने माइक जवळ ओढला आणि इंग्रजीत शब्द न् शब्द सांगितला. "त्या म्हणतात, एवढा लांब फूटपाथ केलात, पण बसायला एक बाक नाही. म्हाताऱ्या माणसाने दमल्यावर काय रस्त्यात फतकल मारायची? त्या म्हणतात, ज्या बाईने हे काम केलं तिला डोकं नाही. आणि त्यांना जाणून घ्यायचंय, की असल्या बाईला निवडून कोणी दिलं?"

वॉल्टरने हळूच आपला माइक चालू केला. "मी दिलं," तो म्हणाला. "बाक कुठे हवाय, आजींना विचारा."